केरबा पैलवानाची भाकरी आणि द्वादशीचं पारणं

शिरसमाळ गावाला एक ओढा आहे, ओढ्याकाठी मारुतीचं देऊळ आहे आणि देवळाच्या अंगणात एक जुनं दगडी उखळ पालथं पडलेलं आहे. आपले महाराज या गावात प्रथम आले तेव्हा सरळ जाऊन त्या उखळावर बसले. गावकऱ्यांनी घोंगडी आणली, पाट आणला, इनामदारांनी वाड्यावरून गादी पाठवली. महाराज म्हणाले, "हेच बरं आहे. इथे बसलं की कोणी जरा सरका म्हणत नाही." तेव्हापासून लोक त्यांना उखळी महाराज म्हणू लागले. आधीचं नाव कोणी विचारलं नाही आणि महाराजांनीही सांगितलं नाही.

महाराज तेव्हा वयाने फार झाले होते. अंगावर एक छाटी, हातात काठी, आणि तोंडात एकही दात नाही. हसले की पाळण्यातलं मूल हसल्यासारखे दिसत. जेवण दिवसातून एकदाच. चातुर्मास इथेच काढतो, असं ते म्हणाले तेव्हा गावाला आनंद झाला, आणि पाठोपाठ काळजीही लागली. दात नसलेल्या साधुपुरुषाला वाढायचं काय? कोणी मऊ भात आणला. महाराजांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "छान आहे. पण मी भाकरीवर वाढलेला माणूस. भात खाल्ला की जेवायचं राहून गेल्यासारखं वाटतं."

झालं. गावातल्या बायकांनी घराघराने पाळ्या लावून घ्यायचं ठरवलं. ज्या घरची पाळी, त्या घरून महाराजांना मऊ भाकरी किंवा पोळी जायची. आणि पाळ्या कोणी लावायच्या, हे कोणाला ठरवावंच लागलं नाही. ते काम भागीरथीकाकूंनी आपणहून उचललं.

भागीरथीकाकू म्हणजे इनामदारांच्या घरच्या. त्यांची पोळी पंचक्रोशीत गाजलेली होती, आणि खरं सांगायचं तर ते गाजणं खोटं नव्हतं. कणीक सैल भिजवून ओल्या फडक्याखाली मुरू द्यायच्या. घडीला तेलाचं बोट आणि वर चिमूटभर पीठ. तवा एवढा तापवायच्या की पाण्याचा थेंब टाकला तर नाचत नाहीसा व्हावा. पोळी तव्यावर पडली की त्या दुसरीकडे बघत नसत. फुगली, उलटली, काढली. मग गरम पोळी दोन्ही तळहातांत धरून अशी टाळी वाजवायच्या की तिचे पदर आपोआप सुटायचे. सकाळची पोळी संध्याकाळी मुठीत दाबून सोडली तरी हळूच उलगडायची.

एवढं हातात असल्यावर थोडा ताठा येतोच. काकूंना जरा जास्त आला होता. कोणाकडे जेवायला गेल्या की पानातली पोळी आधी दोन बोटांत धरून ताणून बघायच्या. वाढणारी बाई तोवर श्वास धरून उभी राहायची. "बरी आहे," असं काकू म्हणाल्या की त्या घरात दोन दिवस आनंद असायचा.

आता केरबा पैलवानाचं ऐका. देवळाला लागूनच तालीम होती, तिथे केरबा एकटा राहायचा. आई लहानपणीच गेलेली, लग्न राहून गेलेलं. छाती दारात मावेना अशी, हात सुपाएवढे, आणि मन मात्र लोण्याचं. महाराज आल्यापासून त्याच्या मनाने एकच घेतलं होतं. एकदा, फक्त एकदा, महाराजांनी आपल्या हातची भाकरी खावी.

आणि केरबाच्या हातची भाकरी म्हणजे काय होती, ते गावातलं लहान पोरही सांगेल. थापायचा तो ठीक. पण भाकरी तव्यावर टाकली की डोळे मिटायचा आणि तुळशीची माळ घेऊन नामाला बसायचा. एका बाजूला पूर्ण माळ. मग भाकरी उलटायची, आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा पूर्ण माळ. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याला वाचता येत नव्हतं, अभंग पाठ होत नसत, भजनात टाळ धरला तर तो सगळ्यांच्या नंतर वाजायचा. आपल्याला दोनच गोष्टी येतात, नाव घेणं आणि भाकरी थापणं, तर त्या एकत्र तरी कराव्यात, असा त्याचा साधा हिशेब.

त्या हिशेबातून जी भाकरी निघायची ती वाजवली तर वाजायची. तालमीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो तिचाच अडसर लावायचा. स्वतः खायची तर सकाळी ताकात घालून ठेवायचा, दुपारपर्यंत घास व्हायची. देवळाचा सोपान गुरव तर शपथेवर सांगायचा की एकदा कुत्र्याने केरबाची भाकरी पळवली आणि दुसऱ्या दिवशी आपणहून परत आणून ठेवली.

असा हा केरबा एके दिवशी पाळी मागायला काकूंच्या अंगणात जाऊन उभा राहिला. चार बायका धान्य निवडत बसल्या होत्या.

"काकू, एक दीस मला बी द्या की."

"काय द्यायचं तुला?"

"पाळी. म्हाराजांच्या भाकरीची."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "अरे केरबा, महाराजांच्या तोंडात दात नाहीत."

"व्हय. ते दिसतंय."

"आणि तुझी भाकरी मोडायला दात पुरत नाहीत, पहार लागते."

बायका हसल्या. केरबाही थोडा हसला, कारण सगळे हसताना आपण तेवढं न हसणं त्याला बरं दिसेना. "मऊ करीन की," तो म्हणाला.

नाही म्हणायची सोय काकूंना नव्हती. कोणाला परत पाठवू नका, असं महाराजांनी बजावलेलं होतं. काकूंनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "बरं बाबा, दिली तुला पाळी. दर एकादशी तुझी."

बायकांनी तोंडाला पदर लावले. एकादशीला महाराज काहीच खात नसत, नुसतं पाणी घेत. केरबाच्या हे जरा उशिराने ध्यानात आलं. तो मान खाली घालून उभा राहिला आणि मग म्हणाला, "चालंल. पानी तर पानी."

त्या दिवसापासून प्रत्येक एकादशीला केरबा तांब्याची घागर चिंचेने घासून लख्ख करायचा, ओढ्याच्या वरच्या अंगाला जाऊन झऱ्याचं पाणी भरायचा आणि उखळापाशी आणून ठेवायचा. सोपान गुरव देवळाच्या पायरीवरून विचारायचा, "काय केरबा, आज कालवण कशाचं?"

"पानी हाय."

"तिखट न्हाई न्हवं झालं?"

महाराज मात्र ते पाणी ओंजळीने सावकाश प्यायचे, आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, "वा. पोट भरलं."

अशा काही एकादश्या गेल्या. भाद्रपदातली एकादशी आली. महाराज पाणी प्यायले, छाटीने तोंड पुसलं आणि म्हणाले, "पैलवान, उद्या काय वाढणार?"

"उद्या माझी पाळी न्हाई म्हाराज. उद्या द्वादस. द्वादस काकूंची."

आणि तसंच होतं. उपवासानंतर पारण्याचा घास वाढणं हा मोठा मान, म्हणून सगळ्या द्वादश्या काकूंनी स्वतःकडेच ठेवल्या होत्या.

महाराज म्हणाले, "असं कसं? उपाशी ठेवायचं पैलवानाने आणि जेवू घालायचं दुसऱ्याने? ज्याची एकादशी त्याचं पारणं. उद्या तुझी भाकर."

काकू तिथेच होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना मान गेल्याचं वाईट वाटलं हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. महाराजांवर त्यांचीही श्रद्धा होती. त्या हात जोडून म्हणाल्या, "महाराज, सबंध दिवस पोटात अन्न नाही. त्यावर याची भाकरी? हिरड्या सोलून निघतील तुमच्या."

"मग शिकवा त्याला," महाराज म्हणाले.

"शिकवते. पण माझं एक ऐका. उद्या त्याने इथे, सगळ्यांसमोर भाकरी भाजायची. मऊ झाली तर तुमचं पारणं तिच्यावर. नाही झाली तर मी माझी पोळी वाढणार, आणि केरबाने पुन्हा कधी पाळी मागायची नाही. पाण्याचीसुद्धा नाही."

केरबाने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी डोळे मिटून घेतले होते. मग त्यानेच मान हलवली.

त्याच दुपारी काकूंनी त्याला चुलीपुढे बसवलं. आणि काकूंचा मोठेपणा असा की शिकवायला बसल्यावर त्यांनी काही हातचं राखलं नाही. "पीठ आजच्या दळणाचं घे. जुन्या पिठाची विरी जाते, चिकटपणा राहत नाही, मग भाकरी चिरते. पाणी कढत हवं. आता मळ. कुस्ती नको करू रे, नुसती तळहाताची टाच लाव. हां. आता थाप. तव्यावर टाकलीस की वरून पाण्याचा हात फिरव, आणि ते पाणी वाळायच्या आत उलट. मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर धर, बघ कशी फुगते."

केरबा सांगितलेलं सगळं करत गेला. गोळा तुकतुकीत झाला, भाकरी चंद्रासारखी गोल थापली गेली. काकू मनातून चकित झाल्या. भाकरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला, आणि केरबाने कमरेची माळ काढली.

"हे काय?"

"माळ."

"ती भाकरी झाल्यावर ओढ."

"झाल्यावर कशासाठी वडू?"

"मग आधी ओढ."

"आदी भाकर कुठं हाय?"

"अरे, मग चार मणी ओढ आणि उलट ना तिला."

केरबाने जरा विचार केला. "चार मन्यांवर द्येवाला कसं थांबवू काकू? त्यो म्हनंल, हाक मारलीस कशाला?"

काकूंनी कपाळाला हात लावला. तोवर तव्यावरून धूर निघू लागला होता. "कर बाबा, कौलं कर," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

द्वादशीची सकाळ झाली. अख्खं गाव उपाशीपोटी देवळाच्या अंगणात जमलं. त्या दिवशी द्वादशी लवकर सरत होती. ती सरण्याआधी पारण्याचा घास तोंडात पडायला हवा होता, म्हणजे दुसरी भाकरी थापून बघायला सवडच नव्हती. तीन दगडांची चूल मांडली. महाराज उखळावर बसले, त्यांच्यापुढे पानात पिठलं वाढून ठेवलं. काकू एका बाजूला आपल्या पोळ्यांचं फडकं मांडीवर घेऊन बसल्या. पोळ्या गरम होत्या, तुपाचा वास सुटला होता, आणि लोकांचे डोळे पुन्हा पुन्हा त्या फडक्याकडे वळत होते.

केरबाने भाकरी थापली. सुरेख थापली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि माळ हातात घेऊन डोळे मिटले.

वरचं पाणी वाळलं.

"उलट रे," कोणीतरी म्हणालं.

केरबाचे ओठ हलत होते. भाकरीच्या कडा वर उचलल्या. सोपान गुरव पायरीवरून उठून उभा राहिला. "आरं केरबा, जळतिया."

शेवटी काकूंनाच राहवेना. त्या पुढे झुकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "केरबा, अजून वेळ गेली नाही. आता उलटलीस तर मऊ होईल. पाळी हातची घालवू नकोस वेड्या."

केरबाने डोळे उघडले. भाकरीकडे पाहिलं. त्याचा हात तव्याकडे निघालासुद्धा. अर्ध्या वाटेवर तो हात थांबला आणि पुन्हा माळेवर गेला. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. माळ पुरी झाली तेव्हा त्याने भाकरी उलटली, आणि दुसऱ्या बाजूला दुसरी माळ धरली. लोकांनी एकमेकांकडे बघितलं.

भाकरी खाली आली. काळी, कडक, नेहमीसारखीच. काकूंनी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केलं. आवाज पार ओढ्यापर्यंत गेला.

सोपान म्हणाला, "द्येवळाची घंटा तडकलीया. हीच टांगू."

हसण्याची लाट उसळली. केरबा हसला नाही. त्याने भाकरी उचलून आपल्या पाठीमागे धरली आणि मान खाली घालून म्हणाला, "काकू, हारलो. तुमची पोळी वाढा. म्हाराजांस्नी इजा नगं."

काकूंनी फडक्याची गाठ सोडली. तेवढ्यात महाराज म्हणाले, "पैलवान, पाठीमागे काय लपवलंस?"

"काय न्हाई म्हाराज."

"मला भूक लागली आहे आणि तू माझी भाकर लपवतोस. आण इकडे."

महाराजांचा शब्द कोण मोडणार? केरबाने ती काळी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली आणि तोंड फिरवलं. पुढचं त्याला बघवणार नव्हतं. महाराजांनी भाकरी दोन बोटांनी उघडली. हो, उघडली. जशी फुगलेली ताजी भाकरी उघडावी तसा वरचा पापुद्रा अलगद सुटला आणि आतून वाफ आली. महाराजांनी तुकडा मोडला, पिठल्याला लावला, तोंडात घातला. दोनदा ओठ हलले आणि घास पोटात.

"वा," महाराज म्हणाले. "पोट भरायला लागलं."

महाराजांनी प्रसाद म्हणून भाकरीचे तुकडे मोडले आणि एक जवळ बसलेल्या ठकूबाईला दिला. ठकूबाई गावातली सगळ्यांत म्हातारी. तिचेही दात केव्हाच गेले होते. तिने त्यातला अर्धा तोंडात टाकला आणि म्हणाली, "ह्यो तर लोन्याचा गोळा हाय."

महाराजांनी दुसरा तुकडा काकूंना दिला. काकूंनी तो दोन बोटांत धरून ताणला. ताणेना. वाकवला. वाकेना. दाताखाली धरला, आणि कट्ट असा आवाज आला. तो भाकरीचा नव्हता. काकूंनी गाल धरला.

"महाराज, हा तुकडा वेगळा आहे," त्या म्हणाल्या.

"असेल. बदलून घ्या."

ठकूबाईच्या हातात अजून अर्धा तुकडा होता. काकूंनी तो मागून घेतला आणि आपला तिला दिला. ठकूबाईने काकूंचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून गिळला. "ह्यो तर आनिक मऊ." काकूंनी ठकूबाईचा तुकडा चावला. दगड. त्यांनी तो तोंडातून काढून उन्हात धरला, उलटून पाहिला. ठकूबाईने हात पुढे केला. "खात नसलीस तर दे की परत."

लोक हसू दाबत होते. सोपानचं दाबलं गेलं नाही. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दाढ दुखल्याचं होतं की आणखी कशाचं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"महाराज, तुम्हाला मऊ, ठकूबाईला मऊ, आणि मला एकटीलाच का हो असं?"

महाराज त्यांच्याकडे बघून मायेने हसले. "माय, तू ती पारखायला घेतलीस. काल एकादशी तूही केलीस ना? तुला भूक लागली आहे. मग खायला घे की."

काकूंनी आयुष्यभर सगळ्यांना वाढलं होतं, आणि दुसऱ्याच्या हातचं जे खाल्लं ते आधी तपासून खाल्लं होतं. भूक लागली, वाढ, असं त्या कधी कोणाला म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी मांडीवरचं फडकं बाजूला ठेवलं. पदर सावरला. मग चुलीपाशी तोंड फिरवून बसलेल्या केरबाच्या समोर जाऊन, पंगतीत बसावं तशी त्यांनी खाली मांडी घातली आणि ओंजळ पुढे केली.

"केरबा, मला भूक लागली आहे रे. थोडी भाकरी वाढ."

केरबाने गोंधळून महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी मान हलवली आणि हातातली भाकरी त्याच्यापुढे केली. त्याने उरलेल्या भाकरीतला एक तुकडा आपल्या सुपाएवढ्या हाताने काकूंच्या ओंजळीत ठेवला. काकूंनी तो न बघता तोंडात घातला. त्यांचं तोंड भरलेलं होतं, आणि तरी आणखी एक घास मिळावा म्हणून ओंजळ तशीच पुढे धरलेली होती.

धन्य ते महाराज, आणि धन्य ती भाकरी!

खाऊन झाल्यावर काकू उठल्या आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला गेल्या. महाराजांनी पाय उखळावर आखडून घेतले. "इथे काय ठेवलंय? भाकर मी थापली नाही. तिकडे."

इनामदारांच्या घरची बाई वळली, आणि साऱ्या गावादेखत केरबा पैलवानाच्या पायांशी वाकली. काय करावं ते न सुचून केरबाचा तो पहाड जागच्या जागी साष्टांग आडवा झाला. आता काकूंचं डोकं जमिनीला, केरबाचं डोकं जमिनीला, आणि उठायला कोणी तयार नाही.

"अरे ऊठ की," काकू खालूनच म्हणाल्या.

"तुमी आदी."

"मी वयाने मोठी आहे. माझं ऐक."

"म्हनून तर तुमी आदी."

लोक वाट बघत राहिले. उखळावरून महाराजांनी हात लांब केला, काकूंच्या फडक्यातली वरची पोळी काढली, उरलेल्या पिठल्याला लावली, आणि दोघांपैकी कोणी उठण्याआधी सावकाश खाऊन संपवली.